घर तुमचं आहे, अर्जही तुमच्याच नावाने जाऊ द्या

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं पत्र, थोडं संक्षिप्त करून (उत्तरातल्या तारखा, अटी आणि रकमा तेव्हाच्या आहेत):

"नमस्कार. मी ६८ वर्षांची आहे. आम्ही २००४ पासून एडिसनला स्वतःच्या घरात राहतो. या मार्चमध्ये माझे यजमान गेले. बँक, विमा, टॅक्स सगळं तेच बघायचे. परवा त्यांच्या टेबलाच्या खणात राज्याच्या राजधानीतून, ट्रेंटनहून, फेब्रुवारीत आलेलं एक जाड पाकीट सापडलं, न फोडलेलं. तेव्हा ते हॉस्पिटलमध्ये होते. आत प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीचा अर्ज आहे, पानंच्या पानं, आणि शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. आमचं बिल २०२३ साली ११,२०० डॉलर होतं, २०२४ साली ११,६०० झालं. घराचं कर्ज फिटलेलं आहे. दोघांचं उत्पन्न सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), थोडं पेन्शन आणि व्याज धरून सत्तर हजारांच्या आसपास. घर दोघांच्या नावावर होतं, माझ्या एकटीच्या नावावर अजून करून घेतलेलं नाही. कोथरूडला एक फ्लॅट आहे, त्याचं महिना २२ हजार रुपये भाडं येतं. अशात मला सवलत मिळेल का? शेजारच्या बाई म्हणतात, घेऊ नका, मागाहून सरकार घरावर बोजा चढवतं. मुलगा सिअ‍ॅटलला असतो, तो म्हणतो मी इथून ऑनलाइन भरतो, तू लक्ष घालू नकोस. आणि खरं सांगते, आम्ही आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही. हे गेले आणि मी सरकारकडे मागायला निघाले, हे मनाला लागतं. यंदा घरात दिवाळी नाही. नोव्हेंबरमध्ये मी पुण्याला जाणार, ती वर्षश्राद्ध करूनच परतेन. ता. क. माझी धाकटी बहीण जवळच आयसेलिनला भाड्याने राहते, वय ६३. तिला काही मिळतं का?"

प्रिय ताई,

माणूस गेल्यावर त्याच्या टेबलाचा खण उघडणं सोपं नसतं. तुम्ही तो उघडलात, पाकीट फोडलंत आणि वेळेत विचारलंत, हे फार चांगलं केलंत. म्हणून आधी सरळ उत्तर. हो, तुम्ही लिहिलंय ते सगळं तसंच असेल तर सवलत तुम्हाला मिळायला हवी, आणि ती किरकोळ नाही, बिलाच्या जवळजवळ निम्मी आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ ला शुक्रवार आहे. अजून तीन आठवडे हातात आहेत आणि कागद जमवायला तेवढे पुरतात.

हात पसरण्याबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं सविस्तर बोलायचं आहे. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांत हा अर्ज याच एका भावनेपायी कचऱ्यात जातो.

१९७६ पर्यंत न्यू जर्सीत आजच्यासारखा राज्याचा इन्कम टॅक्स नव्हता. शाळांचा खर्च मुख्यतः घरांवरच्या टॅक्समधून चालायचा. त्यामुळे श्रीमंत गावांच्या शाळा श्रीमंत आणि गरीब गावांच्या गरीब. १९७३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैशाची दुसरी सोय करीना, तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने राज्यातल्या सरकारी शाळा बंद झाल्या. मग कुठे गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांच्या काळात इन्कम टॅक्स आला. लोक संतापलेले होते, म्हणून त्याच वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती करून लिहून ठेवलं गेलं की या टॅक्सचा पैसा घरावरच्या टॅक्सचा भार हलका करण्यासाठीच वापरायचा. त्यासाठी वेगळा निधी आहे, आणि तुमच्या हातातल्या अर्जामागे उभी आहे ती हीच व्यवस्था.

तुमच्या यजमानांच्या पगारातून इतकी वर्षं एनजे (न्यू जर्सी) टॅक्स म्हणून जे कापलं गेलं ते याच निधीत गेलं. शिवाय घराचं बिल तुम्ही दर तिमाहीला वेगळं भरत आलात. आता निवृत्तीनंतर त्यातला थोडा भाग परत देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही एवढंच. यात कुणी उपकार करत नाही. त्यांनी भरलेलं तुम्ही परत घेताय. ते असते तर हा अर्ज त्यांनीच भरला असता, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

आता अर्जाकडे वळू. तुमच्याकडे आलेला फॉर्म पीएएस-१ आहे. यंदापासून, म्हणजे २०२५ पासून, ६५ वर्षांवरच्या आणि सोशल सिक्युरिटीचं अपंगत्व वेतन घेणाऱ्या लोकांसाठी तीन योजनांचा मिळून हा एकच अर्ज केला आहे. पूर्वी यातल्या अँकर आणि सीनियर फ्रीझ या दोन योजनांचे अर्ज वेगवेगळे भरावे लागायचे, तारखाही वेगळ्या असायच्या, आणि भलेभले त्यात चुकायचे. आता तुम्ही माहिती भरायची आणि कोणत्या योजनेत किती बसतं ते ट्रेंटनचा टॅक्सेशन विभाग ठरवणार. पानं जास्त आहेत ती यामुळे.

पहिली योजना अँकर. १ ऑक्टोबर २०२४ ला घर तुमचं होतं, तुम्ही त्यात राहत होता आणि उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत आहे, म्हणजे ६५ वर्षांवरच्या घरमालकाला १,७५० डॉलर. दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान असतं तर १,२५०.

दुसरी सीनियर फ्रीझ. ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कमी समजलेली. तुम्ही पात्र ठरता त्या पहिल्या वर्षाचं बिल पाया म्हणून धरलं जातं. पुढे बिल कितीही वाढलं तरी वाढीव फरक राज्य तुम्हाला परत देतं. मात्र अर्ज दर वर्षी करावा लागतो. यंदाच्या अटी अशा: ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वयाची ६५ पूर्ण, त्याच घरात किमान ३१ डिसेंबर २०२० पासून सलग मालक म्हणून वास्तव्य, २०२३ चं उत्पन्न १,६३,०५० डॉलरच्या आणि २०२४ चं १,६८,२६८ च्या आत, आणि २०२३ चा टॅक्स १ जून २०२४ पर्यंत तर २०२४ चा १ जून २०२५ पर्यंत पूर्ण भरलेला. या शेवटच्या अटीसाठी यजमानांच्या आजारपणातला फेब्रुवारी-मार्च नीट तपासून घ्या. २०२४ चा एखादा हप्ता थकला होता का, असेल तर जूनच्या आत भरला गेला का, ते टॅक्स कलेक्टरच्या ऑफिसात लगेच सांगतील.

तिसरी स्टे एनजे. तिचा कायदा २०२३ साली झाला आणि पैसे पहिल्यांदा २०२६ च्या सुरुवातीपासून मिळणार आहेत, तिमाही हप्त्यांनी. ६५ वर्षांवरचा घरमालक, २०२४ चं पूर्ण वर्ष त्या घरात वास्तव्य, उत्पन्न पाच लाखांच्या आत. अशा माणसाच्या बिलाचा निम्मा भार राज्य उचलतं, पण २०२४ सालासाठी जास्तीत जास्त ६,५०० डॉलरपर्यंत. अँकर आणि फ्रीझमधून जे मिळालं ते या निम्म्यातून वजा होतं.

तुमचाच हिशेब मांडून दाखवते. बिल ११,६००, त्याचे निम्मे ५,८००. हे ६,५०० च्या आत आहे, तेव्हा तुमची कमाल रक्कम ५,८००. त्यात अँकरचे १,७५०. फ्रीझसाठी तुम्ही पहिल्यांदाच अर्ज करत असाल आणि पाया २०२३ धरला गेला, तर ११,६०० वजा ११,२००, म्हणजे ४००. राहिले ३,६५०, ते स्टे एनजेमधून. एकूण ५,८०० डॉलर. वर्षाचे दोन हप्ते सुटले. राज्यातलं सरासरी बिल २०२४ मध्ये पहिल्यांदाच दहा हजारांच्या वर गेलं. मुख्यतः सोशल सिक्युरिटीवर राहणाऱ्या बाईसाठी ५,८०० डॉलर म्हणजे हिवाळ्यातलं हीटिंग, औषधं आणि पुण्याचं तिकीट आहे.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. फ्रीझचे ४०० मिळाले काय आणि न मिळाले काय, तुमची बेरीज ५,८०० च राहते, कारण उरलेलं स्टे एनजे भरून काढतं. मग फ्रीझच्या पानांचा त्रास कशाला घ्यायचा, असं मुलगा म्हणेल. तरीही ती पानं भराच. स्टे एनजे नवी योजना आहे आणि तिला दर वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पातून पैसे मिळावे लागतात. गव्हर्नर बदलतात, तिजोरीची स्थिती बदलते. फ्रीझचा पाया मात्र आज घातलात तर तो २०२३ च्या बिलावर पक्का होतो, आणि जसजशी वर्षं जातात तसतसा त्याचा फरक वाढत जातो. पाच वर्षांनी पहिला अर्ज केलात तर पाया त्या वेळच्या चढ्या बिलाचा असेल. मागची वर्षं मागून मिळत नाहीत. यजमानांनी आधीच्या वर्षांत फ्रीझ घेतलं असण्याचीही शक्यता आहे, तेव्हा त्यांच्या फायलीत ट्रेंटनची जुनी पत्रं शोधा आणि बँकेच्या जुन्या स्टेटमेंटमध्ये राज्याकडून जमा झालेल्या रकमा बघा. त्यात तुमच्या घराचा पाया कधीचा आहे हे कळू शकेल.

घर नावावर करण्याबद्दल तुमची धास्ती मला समजते. आपल्याला सवय आहे ती वारसनोंदीची, तलाठी कार्यालयाची, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची. तिथे ते झाल्याशिवाय पान हलत नाही. न्यू जर्सीत नवरा-बायकोने मिळून घेतलेलं घर, खरेदीखतात दुसरं काही लिहिलेलं नसेल तर, एक गेल्यावर आपोआप दुसऱ्याचं होतं. कोर्टात जावं लागत नाही. म्हणजे मार्चपासून त्या घराच्या मालक एकट्या तुम्ही आहात, बिलावर दोन नावं छापून येत असली तरी. खरेदीखताची, ज्याला इथे डीड म्हणतात त्याची, प्रत घरात सापडत नसेल तर न्यू ब्रन्सविकला मिडलसेक्स काउंटीच्या क्लार्कच्या ऑफिसात मिळते. फक्त त्यांचं एकट्याचं नाव निघालं तर गोष्ट वेगळी. मग त्याच गावातल्या सरोगेटच्या, म्हणजे वारशाची प्रकरणं बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात इच्छापत्र किंवा वारसा दाखल करावा लागेल, आणि ते काम पुण्याला जाण्याआधी सुरू करा. मृत्यूच्या दाखल्याच्या अधिकृत प्रती जास्तच काढून ठेवा. एक प्रत एडिसनच्या टॅक्स ऑफिसला देऊन बिलावरचं नाव दुरुस्त करून घ्या, आणि एक साधी झेरॉक्स या अर्जाला जोडा.

कोथरूडच्या फ्लॅटमुळे तुमची पात्रता जात नाही. सवलत तुमच्या मुख्य राहत्या घरावर आहे, दुसरं घर कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. पण भाडं उत्पन्नात दाखवायलाच हवं. इथला रहिवासी जगात कुठेही कमावतो ते इथे उत्पन्नच धरलं जातं. २२ हजार महिना म्हणजे वर्षाचे २ लाख ६४ हजार रुपये, २०२४ च्या सरासरी दराने तीन हजार डॉलरपेक्षा थोडे जास्त. त्याने तुमच्या सत्तर हजारांत काही फरक पडत नाही, मर्यादा कितीतरी वर आहे. पुण्याच्या बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचंही तसंच. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज तिकडे करमुक्त असतं, म्हणून इकडे ते मोजायचं नाही अशी समजूत आपल्या लोकांत सर्रास आहे. ती चुकीची आहे. आजवरच्या रिटर्नमध्ये भाडं आणि व्याज दाखवलेलं नसेल तर या महिन्यातच एखाद्या सीपीएला, म्हणजे टॅक्सचं काम करणाऱ्या परवानाधारक अकाउंटंटला, गाठा आणि रिटर्न दुरुस्त करून घ्या. अर्जात एक आकडा आणि रिटर्नमध्ये दुसरा, हे अजिबात करू नका. मर्यादेच्या इतक्या आत असताना लपवून मिळवायचं काहीच नाही, गमवायचं मात्र खूप आहे.

उत्पन्न भरताना आणखी एका ठिकाणी आकडा चुकतो. सोशल सिक्युरिटीची खात्यात जमा होणारी रक्कम लिहू नका. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हप्ता आधीच कापून ती येते. फ्रीझसाठी कापण्याआधीची पूर्ण रक्कम लागते, ती जानेवारीत येणाऱ्या एसएसए-१०९९ या कागदावर असते. अँकरला मात्र सोशल सिक्युरिटी मोजत नाहीत. तिथे राज्याच्या टॅक्स रिटर्नच्या, म्हणजे एनजे-१०४० च्या, २९ व्या ओळीवरचा आकडा बघतात. एकाच अर्जात उत्पन्नाचे दोन हिशेब चालतात, त्यामुळे माणूस गोंधळतो. तुम्ही २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांची रिटर्न शेजारी उघडून बसा. आणि ३१ डिसेंबर २०२४ ला तुम्ही दोघंही होता, तेव्हा या अर्जात उत्पन्न दोघांचं मिळून लिहायचं. त्यांचं नाव, त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर त्या रकान्यांत लिहिताना हात थांबेल. थांबू द्या, मग पुढे लिहा.

शेजारच्या बाईंच्या म्हणण्यात तुमच्यासाठी काही तथ्य नाही, पण त्यांनी ते हवेतून आणलं असेल असं मला वाटत नाही. काही राज्यांत, उदाहरणार्थ इलिनॉयमध्ये, ज्येष्ठांना घरावरचा टॅक्स पुढे ढकलण्याची सोय आहे. तो एक प्रकारचा कर्जव्यवहार असतो. त्यावर व्याज चढतं आणि घरावर बोजा नोंदला जातो. दुसरं, खुद्द न्यू जर्सीतही वयाच्या ५५ नंतर मेडिकेडमधून (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून) घेतलेल्या वैद्यकीय खर्चाची वसुली माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून होऊ शकते. लोकांच्या मनात ही सगळी प्रकरणं एकत्र होतात. अँकर, सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे यांचा घराच्या डीडशी काही संबंध येत नाही. हे पैसे फेडायचे नसतात, बोजा चढत नाही, उद्या घर विकलंत किंवा मुलाला दिलंत तरी कुणी दारात येत नाही. राज्याचा इन्कम टॅक्सही त्यावर लागत नाही. परत मागितले जातात ते फक्त चुकीची माहिती देऊन घेतले असतील तर.

तुम्ही म्हणता त्या नोव्हेंबरपासूनच्या पुणे मुक्कामाचंही मनावर घेऊ नका. घर भाड्याने न देता, सामान तिथेच ठेवून, परत येण्यासाठी माणूस गेला तर एडिसनचं घरच त्याचं मुख्य घर राहतं. तुम्ही नसताना ते कुणाला भाड्याने देण्याचा विचार असेल तर मात्र आधी नीट चौकशी करा. त्याने पुढच्या वर्षाच्या अर्जाचा सगळा हिशेब बदलू शकतो.

आता मुलाबद्दल. त्याची काळजी खरी आहे आणि मदत जरूर घ्या. पण "तू लक्ष घालू नकोस" याला मी हो म्हणणार नाही. ऑनलाइन भरायचं तर आयडी डॉट मी नावाच्या सेवेतून ओळख पटवावी लागते. लायसन्सचा किंवा पासपोर्टचा फोटो आणि मोबाइलवर स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो. चेहरा तुमचा, ओळख तुमची. त्याने सिअ‍ॅटलहून स्वतःच्या ओळखीने तुमचा अर्ज भरू नये. तो घरी येईल किंवा व्हिडिओ कॉलवर शेजारी बसेल आणि तुम्ही टाइप कराल, हे उत्तम. नाही जमलं तर कागदी अर्ज आहेच, तोही तितकाच चालतो. आणि माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी कागदावरच भरा. एकदा सगळी पानं स्वतःच्या हाताने भरली की घराचा व्यवहार तुमच्या डोक्यात बसेल, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला कुणावर अवलंबून राहावं लागणार नाही.

बसण्याआधी एवढं गोळा करा: २०२३ आणि २०२४ ची टॅक्स बिलं आणि ती भरल्याचा पुरावा, दोन्ही वर्षांची रिटर्न, दोघांचे एसएसए-१०९९, पेन्शन आणि व्याजाचे १०९९ हे वार्षिक दाखले, पुण्याच्या भाड्याचा हिशेब, वयाच्या पुराव्यासाठी तुमच्या लायसन्सची किंवा पासपोर्टची प्रत. बिलं भरल्याचा पुरावा सापडला नाही तर टॅक्स कलेक्टरच्या खिडकीवर जाऊन दोन्ही वर्षांचा भरण्याचा तपशील मागा. बिलाच्या वरच्या भागात ब्लॉक आणि लॉट असे दोन आकडे छापलेले असतात, काँडो असेल तर क्वालिफायर नावाचा तिसराही. अर्जात ते जसेच्या तसे उतरवायचे, दशांश चिन्हासकट. घराचा पत्ता सगळ्यांचा बरोबर असतो, पण विभाग घर ओळखतो ते या आकड्यांवरून. लॉट १२.०५ च्या जागी १२ लिहिलं की अर्ज शेजाऱ्याच्या किंवा भलत्याच घराशी जुळतो आणि मग महिनोन् महिने पत्रव्यवहार चालतो. हे दोन आकडे दोनदा तपासा.

मात्र भरायला बसण्याआधी विभागाच्या साइटवर किंवा पुस्तिकेवर छापलेल्या फोनवर एकदा विचारून घ्या की २०२४ चा अर्ज तुमच्या नावावर आधीच नोंदला गेलेला नाही ना. पाकीट न फोडलेलं आहे म्हणजे बहुधा नसेलच, पण यजमानांनी आजारपणाच्या आधी ऑनलाइन भरून ठेवला असला तर दुसरा अर्ज पाठवल्याने पहिलाही अडकेल. पूर्ण झालेल्या अर्जाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा आणि मूळ अर्ज पोस्टातून पोहोच मिळेल अशा रीतीने पाठवा. शेवटच्या शुक्रवारची वाट पाहू नका.

पैसे कुठे यावेत हेही आत्ताच ठरवा. चेक मागवलात तर तो नोव्हेंबरनंतर बंद घराच्या पोस्टाच्या पेटीत येऊन पडेल, आणि त्यावर यजमानांचं नाव असलं तर बँक तो घेईलच असं नाही. म्हणून तुमचं एकटीचं नाव असलेल्या खात्यात थेट जमा करायला सांगा. जुनं संयुक्त खातं अजून तसंच असेल तर बँकेत दाखला देऊन ते आधी तुमच्या नावावर करून घ्या. अँकरचे पैसे विभाग सप्टेंबरच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने पाठवतोय. कागदी अर्जाला जास्त वेळ लागतो, तेव्हा डिसेंबरमध्ये खात्यात काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. आणि हे पैसे येणार म्हणून नोव्हेंबरचा टॅक्सचा हप्ता रोखून धरू नका. दोन्ही हिशेब वेगळे आहेत. हप्ता चुकला तर कायद्याने पहिल्या दीड हजारावर ८ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं. पुण्याला निघण्याआधी नोव्हेंबरचा भरा आणि फेब्रुवारीचा तारखेला आपोआप जाईल अशी सोय करून जा. तुमचं कर्ज फिटलेलं असल्यामुळे आता तो भरणारी बँक मध्ये नाही.

या दिवसांत एखादा फोन किंवा मेसेज येईल, "तुमचं अँकरचं पेमेंट अडकलंय, लिंकवर खातं तपासा." उघडू नका. आपल्याच गोतावळ्यातला कुणी "मी अर्ज भरून देतो, मिळेल त्यातले दहा टक्के द्या" म्हणाला तरी नम्रपणे नाही म्हणा. अर्ज फुकट आहे.

तुमच्या बहिणीला हो, मिळू शकतं. भाडेकरूंनाही अँकर लागू आहे, फक्त आपल्या लोकांत ते माहीत असलेली माणसं कमी. १ ऑक्टोबर २०२४ ला ती त्या घरात भाडं देऊन राहत होती, भाडेकरारावर तिचं नाव आहे आणि उत्पन्न दीड लाखाच्या आत आहे, तर ४५० डॉलर. ६५ नंतर ते ७०० होतात. वय कमी असल्याने तिचा अर्ज तुमच्यापेक्षा वेगळा आणि बराच छोटा आहे, शेवटची तारीख मात्र तीच. करारावर फक्त जावयाचं किंवा मुलाचं नाव असेल तर तिला मिळणार नाही. पुढचा करार करताना तिचं नाव घालून घ्या.

याच निमित्ताने इतर वाचकांसाठीही लिहून ठेवते, कारण अशी पत्रं खूप येतात. भारतातून आईवडील येऊन मुलाकडे राहतात आणि घर मुलाच्या नावावर असतं. अशा आईवडिलांना वयामुळे काही मिळत नाही, पात्र असेल तर मुलालाच अँकर मिळतं. आणि कर्ज मिळावं म्हणून वडील आणि मुलगा दोघांची नावं डीडवर असतील, तर ज्याचा जितका हिस्सा तितकीच सवलत. फक्त या सवलतीसाठी म्हाताऱ्या आईचं नाव डीडवर चढवण्याचा सल्ला कुणी देत असेल तर आधी वकिलाला विचारा. मालकी बदलली की गिफ्ट टॅक्स, वारसा आणि मेडिकेड असे प्रश्न त्यातून उभे राहतात, आणि ते या काही हजार डॉलरपेक्षा मोठे आहेत.

ताई, अर्ज पोस्टात पडला की मला कळवा. विभागाकडून "अधिक माहिती हवी" असं पत्र आलं तर न घाबरता त्याची प्रत माझ्याकडे पाठवा. उत्तराची मुदत पत्रातच दिलेली असते. तुम्ही पुण्यात असताना ते येऊ शकतं, म्हणून बहिणीला आठवड्यातून एकदा तुमची पोस्टाची पेटी उघडायला सांगून जा.